सन नदीकाठच्या जगज्जेत्या

८ ऑक्टोबर १९०४, शनिवार. अमेरिकेतल्या सेंट लुइस शहरात जागतिक प्रदर्शन भरलं होतं. त्याच्या पश्चिमेकडच्या एका टेकाडावर दुमजली शाळा उभारलेली होती आणि तिच्यापुढच्या पटांगणात मुलींचा बास्केटबॉलचा सामना रंगला होता. एका बाजूला मिसुरी ऑल स्टार्स, म्हणजे सेंट लुइसच्याच सेंट्रल हायस्कूलच्या माजी विद्यार्थिनींमधून निवडलेला संघ. गाव त्यांचं, प्रेक्षक त्यांचे. दुसऱ्या बाजूला दोन हजार किलोमीटरहून लांब असलेल्या मोंटानातल्या फोर्ट शॉ या सरकारी निवासी शाळेच्या मुली. या सगळ्या मूळनिवासी जमातींमधल्या, पंधरा ते वीसच्या वयातल्या. आई-बापांपासून तोडून आणलेल्या, नाहीतर गरिबीमुळे त्यांनीच शाळेच्या स्वाधीन केलेल्या.

फोर्ट शॉने सामना १७–६ असा जिंकला. पाच आठवड्यांपूर्वी, ३ सप्टेंबरला, याच दोन संघांची पहिली गाठ पडली होती आणि तेव्हाचा निकाल होता २४–२. मधल्या एका सामन्याला ऑल स्टार्स आल्याच नव्हत्या. तीनपैकी दोन सामने जिंकेल तो विजेता, असं आधीच ठरलेलं होतं. चांदीचा चषक मोंटानाकडे गेला आणि वर्तमानपत्रं या मुलींना जगज्जेत्या म्हणू लागली.

त्या दहा जणींची नावं आधी सांगून टाकतो, कारण पुढे ती पुन्हा पुन्हा लागणार आहेत. बेल जॉन्सन, नेटी वर्थ, मिनी बर्टन, एमा सॅन्सेव्हर, जीनी बुच, जेनेव्हीव हीली, केटी स्नेल, सारा मिचेल, फ्लोरा लुसेरो आणि रोझ लारोझ. बेल पीगन होती. नेटी, जीनी आणि केटी असिनिबॉइन. मिनी लेमहाय शोशोनी, एमा चिपेवा-क्री, जेनेव्हीव ग्रो व्हाँत. ही सगळी वेगवेगळी राष्ट्रं. प्रत्येकाची भाषा वेगळी, शिकारीचा मुलूख वेगळा. पीगन आणि असिनिबॉइन यांचं तर पिढ्यान्‌पिढ्यांचं वैर होतं. ज्यांच्या आज्या-पणज्यांना एकमेकींचं बोलणंही कळलं नसतं, त्या मुली एका संघात खेळल्या आणि एकमेकींकडे न बघता पास देण्याइतक्या एकजीव झाल्या. देशाच्या संघाची गोष्ट मला लिहायची होती. शोधत शोधत मी जिथे पोहोचलो, तिथे एका देशाच्या पोटात दडलेल्या अनेक देशांचा संघ उभा होता.

*

फोर्ट शॉ हा आधी लष्करी तळ होता. सन नदीच्या काठी १८६७ साली तो बांधला गेला. नाव दिलं ते यादवी युद्धात कृष्णवर्णीय सैनिकांच्या पलटणीचं नेतृत्व करताना मारला गेलेला कर्नल रॉबर्ट गूल्ड शॉ याचं. गुलामगिरीविरुद्धच्या लढाईतल्या एका हुतात्म्याचं नाव लावलेल्या या तळावरून पुढे काय झालं, ते विसरता येत नाही. जानेवारी १८७० मध्ये मेजर यूजीन बेकरच्या हाताखाली एक फौज मारायस नदीकडे निघाली आणि तिच्यात फोर्ट शॉचे सैनिक होते. २३ जानेवारीच्या पहाटे, कडाक्याच्या थंडीत, त्यांनी पीगन लोकांच्या एका छावणीवर गोळ्या झाडल्या. छावणीत देवीची साथ होती. धडधाकट पुरुष बहुतेक शिकारीला गेलेले. छावणीचा प्रमुख हेवी रनर हा गोऱ्यांशी सलोखा ठेवणारा माणूस; आपण मित्र आहोत असा सरकारी कागद हातात धरून तो पुढे आला आणि मारला गेला. लष्कराच्याच मोजणीप्रमाणे १७३ माणसं मेली. त्यात बहुसंख्य बायका, मुलं आणि म्हातारी माणसं होती.

या घटनेनंतर बावीस वर्षांनी, १८९२ च्या अखेरीस, रिकाम्या झालेल्या त्याच तळात मूळनिवासी मुलांसाठी सरकारी निवासी शाळा उघडली. ज्या कवायतीच्या मैदानावर फौजा उभ्या राहत, त्या मैदानावर पीगन मुलं रांगा लावू लागली. पुढे संघाची कर्णधार झालेली बेल जॉन्सन याच पीगनांची लेक.

अशा शाळांचा नमुना पेन्सिल्व्हेनियातल्या कार्लाइलचा होता. लष्करी अधिकारी रिचर्ड हेन्री प्रॅट याने १८७९ मध्ये ती शाळा काढली. मुलामधला मूळनिवासी मारून टाकायचा आणि उरलेला माणूस वाचवायचा, हे त्याचं जाहीर धोरण होतं. मूल आलं की आधी केस कापायचे. अनेक जमातींमध्ये केस कापणं हे सुतकाचं लक्षण. आपल्या घरात कोण गेलं, असं वाटून मुलं रडत. मग गणवेश, इंग्रजी नाव, घरच्या भाषेवर बंदी, बोलताना सापडलं तर शिक्षा. अर्धा दिवस वर्ग आणि अर्धा दिवस काम, म्हणजे मुलग्यांनी शेती आणि सुतारकाम करायचं, मुलींनी शिवण, धुणं, स्वयंपाक. शाळेचं बरंचसं घरकाम या मुलींच्याच हातून होई.

पंडिता रमाबाई १८८६ ते १८८८ या काळात अमेरिकेत होत्या. तिथल्या समाजावर त्यांनी लिहिलेलं मराठी पुस्तक १८८९ साली निघालं. अमेरिकेतल्या लोकशाहीचं, विशेषतः तिथल्या बायकांच्या शिक्षणाचं आणि संघटनांचं त्यांनी मनापासून कौतुक केलं. पण तिथल्या मूळ रहिवाशांशी गोरे कसे वागले, याबद्दल बोलताना हात आखडता घेतला नाही. फोर्ट शॉची शाळा उघडण्याआधीच मराठी वाचकाला हा प्रश्न आपल्याच एका बाईने सांगून ठेवलेला होता.

*

बास्केटबॉल तेव्हा नुकताच जन्मलेला खेळ होता. डिसेंबर १८९१ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डच्या वायएमसीए प्रशिक्षण विद्यालयात जेम्स नेस्मिथ या शिक्षकाने तो तयार केला. हिवाळ्यात बाहेर खेळता येत नाही आणि पोरं हॉलमध्ये धुडगूस घालतात, म्हणून बाल्कनीच्या कठड्याला पीचच्या दोन टोपल्या ठोकून त्याने तेरा नियम लिहिले. काही महिन्यांतच शेजारच्या नॉर्थम्प्टन गावी स्मिथ कॉलेजात सेंडा बेरेन्सन या तरुण शिक्षिकेने तो मुलींना शिकवला. मात्र मुलींनी फार पळू नये, झटापट करू नये, म्हणून तिने मैदानाचे तीन भाग पाडले आणि खेळाडूने आपला भाग ओलांडायचा नाही, असा नियम केला. १८९६ साली स्टॅनफर्ड आणि बर्कली यांच्यात मुलींचा आंतरविद्यापीठ सामना झाला, तेव्हा पुरुष प्रेक्षकांना आत मज्जाव होता.

पूर्वेकडच्या त्या संकोचाचं वारं मोंटानात फारसं पोहोचलं नव्हतं. तिथे मुलीही पाच-पाच जणींचे संघ करून पूर्ण मैदानभर धावत खेळत. फोर्ट शॉमध्ये हा खेळ आणला तो जोसेफिन लँगली या पीगन तरुणीने. ती त्याच शाळेत शिकली आणि तिथेच कामाला लागली. १८९७ च्या सुमारास तिने मुलींना जमवून सराव सुरू केला. मुलांना बाहेरच्या मोकळ्या माळावर फुटबॉल होता, बेसबॉल होता. मुलींच्या वाट्याला शिवणाची सुई आणि धुण्याचा पाट. जोसेफिनने त्यांच्या हातात चेंडू दिला.

इथे एक गोष्ट आवर्जून सांगायला हवी. या मुली खेळाला नवख्या होत्या, शाळेने त्यांना खेळायला शिकवलं, असं तेव्हाचे अधिकारी अभिमानाने सांगत. ते अर्धंच खरं. मैदानी प्रदेशातल्या जमातींमध्ये बायकांचे खेळ पिढ्यांपासून चालत आलेले होते. शिनी हा काठीने चेंडू मारत न्यायचा खेळ. दुसऱ्या एका खेळात दोरीने जोडलेले दोन चेंडू काठ्यांनी झेलत-फेकत न्यायचे. दोन्हींत लांबवर धावणं, अडवणं, हिसकावणं आलंच, आणि ते बायका खेळत. हे सगळं स्ट्युअर्ट क्युलिन या संशोधकाने १९०७ साली आपल्या जाडजूड ग्रंथात नोंदवून ठेवलं आहे. बेलच्या किंवा नेटीच्या आजीला नात मैदानभर पळते याचं नवल वाटलं नसतं. लांब स्कर्ट आणि घट्ट कंबरपट्ट्यात वाढलेल्या गोऱ्या मुलींच्या आयांना ते वाटलं.

*

१९०२ च्या हिवाळ्यात शाळेचे अधीक्षक फ्रेड कॅम्पबेल यांनी संघ शाळेबाहेर खेळायला काढला. मोंटाना म्हणजे महाराष्ट्राहून मोठा प्रदेश, वस्ती अगदी विरळ, हिवाळ्यात पारा शून्याच्या कितीतरी खाली. शाळेपासून ग्रेट फॉल्स हे जवळचं शहर सुमारे चाळीस किलोमीटर. तिथवर घोडागाडीने जायचं, पुढे रेल्वे. सुरुवातीला हार पत्करावी लागली. पण मोसम पुढे सरकला तसा संघ बसत गेला. शाळांचे संघ हरले. मग बोझमनच्या कृषी महाविद्यालयाचा संघ हरला, मिझूलाच्या विद्यापीठाचाही हरला. ज्या मुलींना प्राथमिक शाळेपलीकडचं शिक्षण मिळण्याची शाश्वती नव्हती, त्या विद्यापीठाच्या मुलींना हरवत होत्या.

ग्रेट फॉल्समध्ये हे सामने एका नाचाच्या हॉलमध्ये होत. तिकीट काढून लोक येत. मूळनिवासी माणूस शहरात दिसला तर ज्यांच्या कपाळावर आठ्या पडत, तेच या मुलींसाठी ओरडत. मिनी बर्टनच्या हातात चेंडू आला की सगळा हॉल एका सुरात म्हणायचा, “शूट, मिनी, शूट!” मिनी उंच होती, तिचा नेम पक्का होता. नेटी वर्थ सेंटर. एमा सॅन्सेव्हर चणीने लहान, पण चपळ. अंगावर धावून येणाऱ्या दोघींच्या मधून ती निसटून जाई. बेल जॉन्सन मागची बाजू सांभाळायची आणि संघही.

मिनीचं घर आयडाहोमधल्या लेमहाय खोऱ्यात. १८०५-०६ मध्ये लुइस आणि क्लार्क या शोधकांच्या तुकडीबरोबर चाललेली सॅकागाविया याच लेमहाय शोशोनींची मुलगी. गोऱ्यांची ती मोहीम तिच्या भाषेमुळे आणि तिच्या माणसांनी दिलेल्या घोड्यांमुळे डोंगर ओलांडू शकली, म्हणून अमेरिकेने तिचे पुतळे उभारले. पण तिच्या लोकांना १९०७ साली त्यांच्या खोऱ्यातून उठवून फोर्ट हॉलच्या राखीव प्रदेशात हलवलं. मिनीने जग जिंकून तीन वर्षंही झाली नव्हती.

*

सेंट लुइसचं प्रदर्शन भरलं होतं ते लुइझियाना खरेदीच्या शताब्दीनिमित्त. १८०३ मध्ये अमेरिकेने फ्रान्सकडून दीड कोटी डॉलरला एकवीस लाख चौरस किलोमीटरहून मोठा मुलूख विकत घेतला. मोंटानाचा बहुतेक भाग त्यातच आला. त्या जमिनीवर राहणाऱ्यांना कुणी विचारलं नव्हतं. सन नदी ग्रेट फॉल्सपाशी मिसुरीला मिळते, आणि मिसुरी हजारो किलोमीटर वाहत जाऊन सेंट लुइसजवळ मिसिसिपीला मिळते. म्हणजे या मुली आपल्याच नदीच्या मुखापाशी, आपल्याच जमिनीच्या विक्रीचा सोहळा साजरा होत असताना खेळायला चालल्या होत्या.

१९०४ च्या जूनच्या सुरुवातीला त्या निघाल्या. प्रवासाचा खर्च त्यांनी खेळून आणि कार्यक्रम करून भागवला. मोंटाना, नॉर्थ डकोटा, मिनेसोटा असं करत गावोगावी थांबायचं. आधी मँडोलिनवादन, कवायती, हातवाऱ्यांतून सादर केलेली दृश्यं, लॉंगफेलोच्या ‘हायवाथा’तला भाग, आणि मग बास्केटबॉल. कार्यक्रमासाठी मण्यांचं काम केलेले चामड्याचे पोशाख आणि सामन्यासाठी घोळदार विजारी व खलाशी गळ्याचे झगे. एकाच संध्याकाळी त्यांना दोन्ही व्हावं लागे. एका गोऱ्या कवीने त्यांच्या लोकांबद्दल १८५५ साली लिहिलेलं काव्य त्यांच्याच तोंडून ऐकायला लोक पैसे मोजत. त्यातलं दुःख त्या मुलींना कळत नसेल, असं मानायला मी तयार नाही. तरीही त्या हे मनापासून करत. कारण त्या गाडीत त्यांच्यासोबत मैत्रिणी होत्या, समोर देश होता आणि रोज संध्याकाळी एक सामना होता.

प्रदर्शनाचा पसारा बाराशे एकरांवर होता. एप्रिलअखेरपासून १ डिसेंबरपर्यंत जवळपास दोन कोटी माणसं येऊन गेली. विजेचे दिवे, यंत्रं, राजवाड्यांसारख्या इमारती, आणि त्याचबरोबर माणसंही मांडलेली. फिलिपाइन्समधून आणलेल्या हजारावर लोकांची वस्ती सत्तेचाळीस एकरांत वसवली होती. मध्य आफ्रिकेतून आणलेला ओटा बेंगा तिथे होता. अपाचेंचा वृद्ध नेता जेरोनिमो युद्धकैदी होता. पहाऱ्यात बसून तो आपल्या सह्या आणि छायाचित्रं विकायचा. मानववंशशास्त्र विभागाचा प्रमुख डब्ल्यू. जे. मॅगी याला रानटी अवस्थेपासून सुधारलेल्या अवस्थेपर्यंतच्या मानवी प्रगतीची एक शिडीच लोकांपुढे उभी करायची होती.

टेकाडावरची ‘मॉडेल इंडियन स्कूल’ त्या शिडीची वरची पायरी; मूळनिवासींना तेव्हा इंडियन म्हणत. सॅम्युएल मॅककोवन हा तिचा प्रमुख. इमारतीच्या एका अंगाला म्हाताऱ्या बायका टोपल्या विणत, मडकी घडवत बसलेल्या. समोरच्या अंगाला गणवेशातली मुलं-मुली शिवण शिकताना, छपाई करताना, पियानो वाजवताना. प्रेक्षकांनी मधून चालत जायचं आणि जुना इंडियन व नवा इंडियन यांची तुलना करायची. फोर्ट शॉच्या मुली नव्या बाजूच्या. आठवड्यातून ठरलेल्या दिवशी आपसात दोन संघ करून त्या पटांगणात खेळत आणि गर्दी जमे. कित्येक प्रेक्षकांनी तर हा खेळ आयुष्यात पहिल्यांदाच पाहिला असेल.

त्याच आवारात, त्याच उन्हाळ्यात ऑलिंपिकही चाललं होतं. १२ आणि १३ ऑगस्टला मॅगी आणि क्रीडाधिकारी जेम्स सुलिव्हन यांनी ‘अँथ्रोपॉलॉजी डेज’ नावाचा प्रकार केला. प्रदर्शनात ठेवलेल्या जमातींच्या माणसांना पुरेशी माहिती न देता, सरावाशिवाय, धावायला, गोळा फेकायला, उड्या मारायला लावलं. तिरंदाजीसारखे त्यांच्या अंगात मुरलेले खेळही घाईघाईत उरकले. आकडे आले ते अर्थातच गोऱ्या खेळाडूंपेक्षा कमी. रानटी माणूस शरीरानेही कमीच, असा निष्कर्ष सुलिव्हनने काढला. आधुनिक ऑलिंपिकचा जनक पियर द कुबर्तँ स्वतः आला नव्हता, पण हे कळल्यावर त्याला ते घृणास्पद वाटलं.

या पार्श्वभूमीवर पाच आठवड्यांच्या अंतराने मिळालेले ते दोन निकाल पाहिले पाहिजेत. ज्यांना नियम माहीत होते, ज्यांनी सराव केला होता, ज्यांच्यापाशी जोडीदार आणि डावपेच होते, त्या मूळनिवासी खेळाडूंना बरोबरीच्या मैदानावर उतरवलं तर काय होतं, याचं उत्तर तिथेच, त्याच आवारात, चषकासकट मिळालं. मॅगीच्या शिडीला त्याचं स्पष्टीकरण देता आलं नसतं.

*

आता सामन्याकडे जरा जवळून पाहू. आजच्या वाचकाला २४–२ हा आकडा पोरखेळ वाटेल. आज चांगला संघ एका डावात तेवढे गुण करतो. पण तेव्हाचा खेळ निराळा होता. प्रत्येक बास्केटनंतर चेंडू पुन्हा मध्यावर यायचा आणि दोन्ही सेंटर खेळाडूंमध्ये उडवला जायचा. बास्केट घातलेल्या संघाकडून समोरच्यांना आपसूक चेंडू मिळत नसे. तो उडी मारून जिंकावा लागे. टोपलीचा तळ बहुधा बंद असे, त्यामुळे प्रत्येक वेळी चेंडू काढण्यात वेळ जाई. चेंडू चामड्याचा, नाडीने शिवलेला, उसळीला बेभरवशाचा. म्हणून पळवत नेण्यापेक्षा पास देण्यावरच सगळी भिस्त.

अशा खेळात उडीचा चेंडू जिंकणारी सेंटर म्हणजे अर्धा सामना. नेटी वर्थ तो चेंडू जिंकत गेली की ऑल स्टार्सच्या हातात तो यायचाच नाही. तिने हाताने टोलवलेला चेंडू कुठे पडणार, हे एमाला आधीच ठाऊक असे; एमाकडून मिनीकडे आणि मिनीकडून टोपलीत. मागे बेल आणि जीनी. २४–२ मधले ते २ म्हणजे संपूर्ण सामन्यात एक बास्केट, नाहीतर दोन फ्री थ्रो. सेंट लुइसच्या मुली वाईट नव्हत्या. त्यांचे प्रशिक्षक फिलिप स्ट्रेमेल यांनी फोर्ट शॉच्या मुलींना खेळताना पाहूनच आव्हान दिलं होतं, म्हणजे आपण जिंकू असा त्यांचा अंदाज होता. तो कुठे चुकला, ते मला नीट कळतं. त्यांच्या संघातल्या मुली शाळेनंतर घरी जाणाऱ्या होत्या. फोर्ट शॉच्या मुली एकाच खोलीत झोपत, एकाच पंगतीत जेवत, एकत्र धुणी धूत आणि दोन वर्षं, हिवाळ्यामागून हिवाळे, एकत्रच खेळत होत्या. घरापासून तोडलेल्या या मुलींना एकमेकींशिवाय दुसरं घर नव्हतं. शाळेने केलेल्या एका जखमेतून हा संघ इतका घट्ट झाला. हे लिहिताना हात थबकतो, पण ते खरं आहे.

८ ऑक्टोबरला ऑल स्टार्स तयारीने आल्या होत्या, म्हणून सहा गुण केले. पण दुसऱ्यांदाही अंतर दुपटीपेक्षा जास्तच राहिलं.

*

जिंकून परतल्यावर त्यांच्या आयुष्यात काय बदललं? फारसं काही नाही. त्या काळी मुलींना खेळाडू म्हणून पुढे जायला वाटच नव्हती. एकेक करून त्या शाळेतून बाहेर पडल्या. कुणी राखीव प्रदेशात परतल्या, लग्नं झाली, मुलंबाळं झाली. फोर्ट शॉची शाळा १९१० साली बंद पडली. अमेरिकन बायकांना मतदानाचा हक्क १९२० मध्ये मिळाला. सगळ्या मूळनिवासींना नागरिकत्व मिळायला १९२४ उजाडलं. म्हणजे १९०४ मध्ये ज्या देशाने यांना मिरवलं, त्या देशाचं नागरिक म्हणून मूळनिवासींना सरसकट मान्यता मिळायला आणखी वीस वर्षं जायची होती.

त्यानंतर ही गोष्ट जवळपास पुसली गेली. घराघरांत जुनी छायाचित्रं होती, आज्यांनी सांगितलेल्या आठवणी होत्या. ग्रंथांत मात्र काही नव्हतं. लिंडा पीव्ही आणि अर्सुला स्मिथ या दोन संशोधिकांनी वर्षानुवर्षं जुनी वर्तमानपत्रं आणि सरकारी दप्तरं चाळली, खेळाडूंच्या नातवंडांना गाठलं आणि २००८ मध्ये ‘फुल-कोर्ट क्वेस्ट’ हे पुस्तक लिहिलं. त्याआधी २००४ मध्ये, विजयाच्या शंभराव्या वर्षी, फोर्ट शॉला या मुलींचं स्मारक उभं राहिलं. आज मोंटानातल्या राखीव प्रदेशांमध्ये शाळांचा बास्केटबॉल म्हणजे गावचा उत्सव असतो. सामन्याला म्हाताऱ्याकोताऱ्यांसकट अख्खी वस्ती लोटते.

निवासी शाळांचा हिशेब मात्र उशिरा सुरू झाला. अमेरिकेच्या अंतर्गत व्यवहार खात्याच्या पहिल्या मूळनिवासी मंत्री डेब हालंड यांनी चौकशी लावली. २०२४ च्या अंतिम अहवालात अशा ४१७ शाळांची नोंद झाली आणि तिथे किमान ९७३ मुलं मरण पावली, असं सरकारने लेखी मान्य केलं. त्याच वर्षी २५ ऑक्टोबरला राष्ट्राध्यक्ष जो बायडेन यांनी ॲरिझोनातल्या गिला रिव्हर इथे जाऊन जाहीर माफी मागितली.

यानंतर फोर्ट शॉच्या विजयाकडे कसं पाहायचं, यावर दोन टोकांची मतं ऐकू येतात. शाळा इतकी वाईट असती तर असा संघ घडला असता का, असं एक विचारतो. दुसरा म्हणतो, हा विजय म्हणजे त्या क्रूर व्यवस्थेने केलेली जाहिरात, त्याचं कौतुक कसलं? मला दोन्ही मतं मान्य नाहीत. पहिल्यात मुलींची कमाई शाळेच्या खात्यावर जमा होते, दुसऱ्यात ती मुलींच्या खात्यातूनही वजा होते. मॅककोवनने त्यांना नमुना म्हणून मांडलं होतं. पण नेटीने उडी मारली ती नमुना म्हणून नव्हे, चेंडू जिंकायला. मिनीने नेम धरला तो टोपलीवर. खेळातला आनंद, चढाओढीची ईर्ष्या, मैत्रिणीने दिलेला पास बरोबर हातात येण्याचं सुख त्यांच्याकडून कुणी काढून घेऊ शकलं नाही. मग सव्वाशे वर्षांनी आपण तरी का काढून घ्यावं?

राहिला प्रश्न जगज्जेतेपदाचा. तांत्रिक बोलायचं तर तेव्हा बास्केटबॉलची जागतिक संघटनाच नव्हती. ती १९३२ मध्ये झाली. महिलांची पहिली अधिकृत जागतिक स्पर्धा १९५३ मध्ये चिलीच्या सांतियागोत भरली. १९०४ च्या ऑलिंपिकमध्ये महिलांसाठी फक्त तिरंदाजी होती, आणि महिलांचा बास्केटबॉल ऑलिंपिकमध्ये यायला १९७६ चं माँट्रियल उजाडावं लागलं. सेंट लुइसमध्ये दुसऱ्या देशाचा संघही नव्हता. हे सगळं मान्य. पण जगभरची माणसं जिथे जमली होती, त्या ठिकाणी या मुली पाच महिने उघड्या पटांगणात खेळत होत्या. ज्याला यायचं होतं तो येऊ शकत होता. आव्हान घेऊन एक संघ पुढे आला. तो एकदा २४–२ ने हरला, एकदा आलाच नाही आणि एकदा १७–६ ने हरला. १९०४ साली महिला बास्केटबॉलमध्ये जगात पहिलं कोण, या प्रश्नाला बेल जॉन्सनच्या संघाखेरीज दुसरं उत्तर नाही.